जुन्या जीटीके २ ला थीम चढवताना

हे बघ बाळा, निपाणीच्या दुकानातला तुमचा तो प्रोग्राम जीटीके २ वर चालतो, म्हणजे खिडक्या-बटणं काढणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअर-संचावर. जीटीके २ ची नवी आवृत्ती २०२० नंतर आलीच नाही. पुढच्या जीटीके ३ च्या सीएसएसमध्ये लिहिलेल्या थीम (रंगरूपाचे साज) त्याला चालत नाहीत, जीटीकेआरसी (gtkrc) नावाची त्याची स्वतःची सेटिंगची फाईलच लागते. थीम टाकूनही सगळं करडंच दिसलं तर थीमला दोष देऊ नकोस. प्रोग्राम टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून चालव. 'मुरीन' (murrine) इंजिन, म्हणजे थीम रंगवणारा जोडभाग, सापडत नाही असा इशारा आला, तर आधी ते बसव.

खरी गोम अक्षरांची आहे. आपल्याकडे एकाच खिडकीत मराठी आणि कन्नड; वर वेलांट्या, खाली ओत्ताक्षरं, म्हणजे कन्नडची खाली लागणारी जोडाक्षरं. तुझे वडील दिवसभर तेच वाचतात की! म्हणून त्या फाईलमधला वायथिकनेस (ythickness), म्हणजे वर-खालची जागा, थोडा वाढव, फॉन्ट एक पॉइंट मोठा कर. रंगांचं नंतर बघू.