वाचकांचे प्रश्न : पोशाखांच्या इतिहासाची चित्रपुस्तकं

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीसाठी पोशाखांच्या इतिहासाचं चित्रपुस्तक घ्यायचं आहे. चित्रं सगळ्यांचीच देखणी असतात. निवडायचं कसं?

उत्तर : आधी पाठमोरी चित्रं आहेत का ते पाहा. नुसते समोरून काढलेले झगे म्हणजे कागदी बाहुल्या. तो झगा कुठे उघडतो आणि कशाने बंद होतो, हे त्यातून कळत नाही. युरोपातल्या अठराव्या शतकातल्या झग्याचंच पाहा. पोटावरचा त्रिकोणी तुकडा बऱ्याचदा वेगळा असे आणि तो टाचण्यांनी बसवत. आत सैल अंतर्वस्त्र, त्यावर काड्या घातलेली घट्ट चोळी, कमरेला नाडीने बांधलेले सुटे खिसे, मग परकर. परकराच्या आणि झग्याच्या बाजूच्या शिवणीत फट ठेवत. तिथून हात घातला की थेट खिशात. एवढं एका पानावर उलगडून दाखवणारं पुस्तक मूल पुन्हा पुन्हा उघडतं.

मग रंग आणि चेन तपासा. पहिला यशस्वी कृत्रिम जांभळा रंग विल्यम पर्किन यांना १८५६ मध्ये, कुनैन बनवण्याच्या खटपटीत, अपघाताने सापडला. मध्ययुगातला मेंढपाळ झगझगीत जांभळ्या अंगरख्यात दिसला, तर चित्रकाराने अभ्यास केलेला नाही असं समजा. आजच्यासारखी चेन १९१३ नंतरची. त्याआधीच्या पोशाखाला ती दिसली की पुस्तक खाली ठेवा.

युरोपाबाहेरच्या जगाला शेवटची दोन पानं देणारी पुस्तकंही नकोतच. भारतातल्या छिटांनी, म्हणजे रंगीत नक्षीच्या सुती कापडांनी, युरोपला इतकी भुरळ घातली, की फ्रान्सने १६८६ ते १७५९ त्यांच्यावर बंदी घातली होती. ही गोष्ट परिशिष्टातली नव्हे.

प्रश्न : जुन्या चित्रांतल्या कंबरा मुठीएवढ्या दिसतात. त्यासाठी बायका बरगड्या काढून घेत, हे खरं का?

उत्तर : नाही, तसा पुरावा नाही. जंतुनाशकं वापरायला लागण्यापूर्वी अशी शस्त्रक्रिया जिवावरच बेतली असती. कॉर्सेटने कंबर आवळली जाई हे खरं, पण निम्मी करामत घेराची : खांदे आणि घागरा फुगवला की मधली कंबर आपोआप बारीक दिसते. शिवाय फॅशनची ती छापील चित्रं म्हणजे नव्या मोसमाची जाहिरात. चित्रकार हात राखून काढत नसे.

प्रश्न : मुलगी पुस्तकात पाहून फुगीर घागरा काढते, पण तो सपाट त्रिकोण होतो. काय चुकतं?

उत्तर : खालची कड ती पट्टीने आखल्यासारखी सरळ काढत असणार. घागऱ्याच्या आत, तो फुगवायला, क्रिनोलिन म्हणजे पोलादी कड्यांचा पिंजरा असे. तोच आधी पेन्सिलीने हलका काढायला सांगा. कमरेपासून खाली मोठी होत जाणारी पाच लंबवर्तुळं, खालचं जास्त उघडं, म्हणजे जास्त गोलसर. त्यांना बाजूने जोडलं की घुमट तयार होतो. कड शेवटच्या लंबवर्तुळाच्या पुढच्या कमानीवरून जाऊ द्या. चुण्या कमरपट्टीपासून सुरू करायच्या : वर दाट, खाली विरळ. सगळ्या रेषा कडेपर्यंत ओढल्या तर घागरा दुमडलेल्या पंख्यासारखा दिसतो. काही अर्ध्यावरच विरू द्याव्यात.