उल्का पृथ्वीजवळून जाऊ शकते का?

प्रश्न असा आला आहे : 'पृथ्वीजवळून महाकाय उल्का जाणार' अशा बातम्या येतात, त्या बरोबर आहेत का? उल्का, अशनी, लघुग्रह यांत फरक काय? अशनी 'तो' की 'ती'? आणि सौरज्वाला म्हणजेच सौर वादळ का?

बातमीतला शब्द चुकलेलाच आहे. अवकाशातला दगड प्रचंड वेगाने वातावरणात शिरला की आकाशात तेजाची रेघ उमटते, तिला उल्का म्हणतात. 'तारा तुटला' म्हणतो ना, तीच ही. संस्कृतात उल्का म्हणजे कोलीत, मशाल. उजेड मुळात त्या शब्दातच आहे. तोच दगड सूर्याभोवती फिरत असतो तोवर लघुग्रह (अगदीच बारका असेल तर उल्काभ) आणि जळून उरलेला जो तुकडा जमिनीवर पडतो तो अशनी. मुक्काम बदलला की नाव बदललं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. लाखो किलोमीटरवरून निमूट निघून जाणाऱ्या दगडाला उल्का म्हणणं त्यामुळे निरर्थक. १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणारा अपोफिस हाही लघुग्रहच. अपवाद म्हणाल तर १० ऑगस्ट १९७२ चा. त्या दिवशी अमेरिका-कॅनडाच्या आकाशात भरदिवसा एक दगड वातावरणात घुसला, झगझगला आणि परत अवकाशात निघून गेला. त्याच्याबद्दल मात्र 'उल्का जवळून गेली' असं खुशाल लिहावं.

हा काथ्याकूट वाटत असेल तर रशियातल्या चेल्याबिन्स्कची गोष्ट पाहा. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी सुमारे वीस मीटरचा दगड जमिनीपासून तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. लख्ख उजेड पडला म्हणून लोक काय झालं ते बघायला खिडक्यांशी गेले. आवाज मागाहून येत होता. मिनिट-दोन मिनिटांनी हवेचा दणका पोचला आणि त्याच खिडक्यांच्या काचा अंगावर आल्या. जवळपास दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. अशनी म्हणावा असा अर्ध्या टनाहून जड तुकडा पुढे ऑक्टोबरात चेबारकुल तलावाच्या तळातून काढला. त्याने कुणालाही इजा केलेली नव्हती. म्हणजे इथे घात केला तो उल्केने. १९०८ साली सायबेरियातल्या तुंगुस्कात अशाच हवेतल्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं, तिथे तर विवरही सापडत नाही. याउलट १९५४ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात घराचं छप्पर फोडून एका बाईंना लागला तो निखालस अशनी.

'उल्कापात' आणि 'उल्कावर्षाव' यांचीही सरमिसळ होते. एखादी उल्का अवचित पडताना दिसते तो उल्कापात, दरवर्षी ठरल्या वेळी अनेक दिसतात तो वर्षाव. बहुतेक वेळा धूमकेतूने मागे टाकलेली ती धूळ. तिची भीती बाळगू नये, अंथरूण टाकून बघावं.

आता सूर्य. इथेही घटना कुठे घडतेय ते आधी विचारावं. सौरज्वाला सूर्यावर घडते. नावात ज्वाला असली तरी तिथे काही जळत नाही. चुंबकीय ऊर्जा एकदम मोकळी होते. तिचा प्रकाश आणि क्ष-किरण आठ-साडेआठ मिनिटांत इथे पोचतात आणि दिवस असलेल्या बाजूचं रेडिओ दळणवळण बिघडवतात. अनेकदा तिच्याबरोबर तापलेल्या विद्युत्भारित वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा, प्रचंड लोट बाहेर फेकला जातो. बातम्यांत त्याला कोरोनल मास इजेक्शन असंच लिहितात. तो साधारण एक ते तीन दिवसांनी येतो, तोही आपल्या दिशेने निघाला असेल तरच. तो आदळून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जी खळबळ माजते ते भूचुंबकीय वादळ. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्युबेकची वीज नऊ तास गेली, ती या वादळाने. 'सौर वादळ' हा शब्द या सगळ्यावर सरसकट पांघरला जातो. बोलताना चालेल, पण 'सौर वादळ आठ मिनिटांत पृथ्वीवर' असला मथळा दोन वेगळ्या गोष्टी एकात कोंबतो. १८५९ च्या प्रसिद्ध भूचुंबकीय वादळालासुद्धा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावरची ज्वाला पाहिल्यानंतर इथवर यायला सतराएक तास लागले होते.

राहिला 'अशनी'. मूळ अर्थ इंद्राचं वज्र, वीज. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार सांगितलेत, त्यांत अशनि मोठा आवाज करत माणसं, हत्ती, घोडे, घरं, झाडं यांवर कोसळते आणि जमीन फाडते. पाचांपैकी नेमका हाच शब्द जमिनीवर पडणाऱ्या दगडासाठी उचलणाऱ्यांची निवड मला फार आवडते. वराहमिहिराची अशनि स्त्रीलिंगी आहे, तर अमरकोश 'अशनिर्द्वयोः' म्हणून दोन्ही लिंगांना मुभा देतो. मी दगड मनात धरून 'तो अशनी' लिहितो. कुणी 'ती' लिहिलं तर लाल रेघ मारू नका.