आईच्या आहाराची नोंद नेमकी कशी घ्यावी?

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे. एका आहारतज्ज्ञांनी तिला फक्त कालच्या दिवसात काय खाल्ले ते विचारले, दुसऱ्यांनी लांबलचक यादीतला कोणता पदार्थ महिन्यातून किती वेळा खाता यावर खुणा करायला लावल्या, तर तिसऱ्यांनी प्रत्येक घास मोजून वही लिहायला सांगितली. यांतली विश्वासार्ह पद्धत कोणती? — एक वाचक, सांगली

उत्तर : तिन्ही पद्धती शास्त्रमान्य आहेत, मात्र प्रत्येकीचे काम वेगळे आहे. मागील २४ तासांचा आहार विचारण्याची पद्धत मोठ्या सर्वेक्षणांची आहे. आपल्याकडे १९७२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण यंत्रणेने खेडोपाडी ठरावीक मापाच्या वाट्या समोर ठेवून अशीच माहिती घेतली. शेकडो माणसांची सरासरी त्यातून चांगली कळते. एका व्यक्तीबद्दल मात्र एका दिवसावरून मत बनवणे मला धोक्याचे वाटते, कारण तो ‘काल’ संकष्टीचा असेल, तर भाकरीच्या जागी साबुदाणाच नोंदला जाईल.

खुणांच्या यादीतून दीर्घकाळची सवय कळते, ग्रॅम कळत नाहीत. शिवाय परदेशी यादी जशीच्या तशी वापरली, तर पिठले, थालीपीठ, ताक यांना जागाच उरत नाही.

वजन करून लिहिलेली वही प्रमाणाच्या बाबतीत सर्वांत काटेकोर असते, पण लिहावे लागते म्हणून माणूस नकळत कमी किंवा साधे खाऊ लागतो. हायड्रोजन व ऑक्सिजनचे जड समस्थानिक (म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे वजनाने जास्त असलेले अणू) असलेले पाणी पाजून, लघवीच्या तपासणीवरून शरीराचा ऊर्जाखर्च काढता येतो. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर लोक आपला आहार बहुधा कमीच सांगतात, हे वारंवार दिसले आहे. आईंच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे यात काहीच कारण नाही.

आमटी-वरणासारख्या सामायिक पदार्थांत वाटी मोजून भागत नाही. समजा, १५० ग्रॅम कच्च्या डाळीचे शिजल्यावर ९०० ग्रॅम वरण झाले आणि आईंनी त्यातले १५० ग्रॅम घेतले, तर त्यांच्या पोटात २५ ग्रॅम डाळ गेली. घट्ट वरण करणाऱ्या घरात तेवढ्याच वाटीत याहून बरीच जास्त डाळ असेल. फोडणीचे तेल तर कोणालाच नीट आठवत नाही. महिन्याच्या आरंभी आणि अखेरीस तेलाच्या डब्याचे वजन करून फरक काढावा, त्यात मधल्या खरेदीची भर घालावी आणि घरात जेवणाऱ्यांच्या संख्येने भागावे. तळणातले उरलेले तेल टाकून दिले असेल, तर तेवढे वजा करावे.

आपल्या आईंसाठी मी असे सुचवेन : सलग नसलेले तीन दिवस निवडावेत, त्यांत एक रविवार असावा आणि त्या नियमित उपवास करत असतील, तर एक दिवस उपवासाचाही असावा. पदार्थ, वेळ आणि वजन खाल्ल्याबरोबर लिहावे. चहातली साखर व येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणेही सोडू नयेत. त्याच दिवसांत घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांनी घेतलेले आकडे शेजारी लिहून ती वही डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना दाखवावी.