भुरी औषधाला दाद देत नाही, ती जहाल झाली म्हणून नव्हे

दादा, मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. थॉमसन द्राक्षांची बाग आहे. पाच वर्षांपूर्वी ॲझॉक्सिस्ट्रोबिन या बुरशीनाशकाच्या एका फवारणीत थांबणारी भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, यंदा तीन फवारण्यांनंतरही मण्यांवर पांढरी दिसतेय. दुकानदार म्हणतो डोस दीडपट करा. आणि तुम्हाला पडलेला प्रश्न असा की औषध डुप्लिकेट निघालं की भुरीच जास्त जहाल झाली?

डुप्लिकेट माल असतो, नाही असं नाही. पण जहाल होणं आणि औषधाला दाद न देणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्हींचे जीन्सच वेगळे. जहालपणा, म्हणजे व्हिरुलन्स, हे वाणाचं कुलूप, म्हणजे त्याची रोगप्रतिकारशक्ती, उघडण्याचं काम. गव्हात ते छान दिसतं. एसआर ३१ या एका रोगप्रतिकारक जीनच्या भरवशावर जगभर वाण पेरले गेले आणि १९९९च्या सुमारास युगांडात तांबेरा या गव्हावरच्या बुरशीची अशी जात ओळखली गेली की जिला ते कुलूप अडवतच नव्हतं. तीच युजी ९९. तुमच्या बागेत मात्र कुलूपच नाही. भुरी मूळची अमेरिकेची, युरोपात ती पहिल्यांदा दिसली १८४५ साली, इंग्लंडमध्ये. आपल्या थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या सगळ्या युरोपीय वंशाच्या वेली, त्यांचा या बुरशीशी जुना सामना नाही. उघड्या दारातून शिरायला जहाल व्हावं लागत नाही.

आता औषधाकडे येऊ. स्ट्रोबिल्युरिन (तुमचं ॲझॉक्सिस्ट्रोबिन याच ग्रुपचं) बुरशीचा श्वास कोंडतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम बी नावाचं प्रथिन असतं, त्याच्या एका खाचेत ते जाऊन बसतं. या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसीन नावाचं अमिनो आम्ल असतं. डीएनएचं एकच अक्षर बदललं, जीचं सी झालं, की तिथं ॲलानीन येतं. ॲलानीन किंचित मोठं. तेवढ्यानं औषधाला खाचेत जागा उरत नाही, बुरशीचा श्वास मात्र चालू राहतो. हे दिव्याच्या बटणासारखं आहे, चालू नाहीतर बंद. अशा भुरीवर दीडपट काय, पाचपट मारलं तरी पैसे पाण्यात. ही औषधं १९९६मध्ये बाजारात आली आणि १९९८मध्ये जर्मनीत गव्हाच्या भुरीत हाच बदल सापडलासुद्धा.

जाता जाता एक गंमत. तांबेऱ्याला हा बदल परवडतच नाही. त्याच्या जीनमध्ये १४३व्या जागेला लागूनच एक इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकला जाणारा तुकडा, असतो. तिथलं अक्षर बदललं तर तो नीट कापला जात नाही, प्रथिन बिघडतं आणि बुरशीच मरते. म्हणून तांबेऱ्यावर हा ग्रुप इतकी वर्षं टिकला.

भुरीवरच्या दुसऱ्या ग्रुपची, ट्रायझोलची (हेक्साकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल, टेब्युकोनॅझोल) गोष्ट निराळी. ती सीवायपी ५१ या एन्झाइमला अडवतात, त्यामुळे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होत नाही. इथं बटण नाही, जिना आहे. १३६व्या जागी टायरोसीनचं फेनिलॲलानीन होणं ही एक पायरी. त्याच जीनच्या जादा प्रती होणं ही पुढची. दर पायरीला औषध थोडं कमी लागू पडतं. दुकानदाराचा सल्ला इथं काही दिवस खरा वाटतो, आणि घात तिथंच होतो. डोस वाढवला तर अवशेषांपायी निर्यातीचा माल अडकतो, अर्धवट डोस दिला तर मधल्या पायरीवरची भुरी तगते.

आणि हा बदल औषध घडवत नाही. भुरीच्या पेशीत प्रत्येक जीनची एकच प्रत, त्यामुळे कोट्यवधी बीजाणूंत एखाद्यात चूक झाली की ती लगेच अंगी लागते. फवारणी फक्त बाकीच्यांना मारून त्याला रान मोकळं करून देते. हवामान जुळलं तर पाच-सात दिवसांत पुढची पिढी तयार. बाग पांढरी झाल्यावर असं औषध मारणं म्हणजे कोट्यवधी तिकिटांची सोडत काढणं. डाऊनी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगाचं गणित वेगळं, तिच्यात दोन प्रती असतात. तिच्यावरच्या डायमेथोमॉर्फ या औषधाच्या ग्रुपला दाद न देण्यासाठी दोन्ही बदललेल्या लागतात, म्हणून तो तुलनेनं सावकाश ढासळतो.

माझ्या एका हंगामाच्या फवारणी वहीत मी लाल पेनानं प्रत्येक औषधापुढे ग्रुपचा नंबर (औषध बुरशीवर कुठं घाव घालतं त्यावरून दिलेला) लिहून पाहिला होता. चार वेगळ्या नावांच्या बाटल्या, तीन कंपन्या, आणि चारही ठिकाणी ११. मी समजत होतो औषध आलटून पालटून मारतोय! तुम्हीही वही काढा. स्ट्रोबिल्युरिन ११, ट्रायझोल ३. दोन्ही एकत्र असलेली बाटली 'नवीन औषध' म्हणून घेऊ नका, त्यातले दोन्ही जोडीदार तुमच्याकडे थकलेले असू शकतात.

यंदा भुरीसाठी ११ बंदच ठेवा. गंधक घ्या, भर उन्हात मात्र नको. दीडशेहून जास्त वर्षं वापरात आहे आणि भुरीला त्यावर तोड सापडलेली नाही, कारण ते एका जागी नाही, अनेक ठिकाणी घाव घालतं. घडाभोवतीची गर्दीची पानं काढा, नाहीतर कुठलंच औषध मण्यापर्यंत पोचत नाही.

खात्रीच हवी असेल तर तपासणी करून घ्या. आधी पुण्यातल्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा. भुरी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, तिला जिवंत पानच लागतं. म्हणून फवारणीच्या आधी, ताजी पांढरी कोवळी पानं देठासकट काढा, कागदात गुंडाळून थंड डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलीत तर सडकी पानंच पोचतील.