काउन्सिलच्या लायब्ररीत पॉपी विकू द्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या तुमच्या गावात काउन्सिलने लोकांची मतं मागवली आहेत: नोव्हेंबरात लायब्ररी, क्रीडा केंद्र, टाउन हॉल अशा सार्वजनिक इमारतींत पॉपी विकू द्याव्यात का? आणि मराठी मंडळाने यात बाजू घ्यावी का? पॉपी म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी नोव्हेंबरात छातीवर लावायचं लाल कागदी फूल; त्याचे पैसे सैनिकांसाठी काम करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेला जातात. मंडळाचं शेवटी बघू. आधी काउन्सिल.

'विकणं' हा शब्द पहिल्यांदा फेकून द्या, निम्मं भांडण तिथेच संपतं. कागदी पॉपीला किंमत नसते. डब्यात पाच पौंड टाका, वीस पेन्स टाका, नाहीतर काही न टाकता फूल उचला, मागे कुणी धावत येत नाही. ही देणगी. पण त्याच ट्रेमध्ये इनॅमलचे बॅज ठेवले, ज्यांच्यावर छापील किंमत असते, की ती विक्री झाली. मग गिफ्ट एड (देणगीवर संस्थेला मिळणारी करसवलत) लागू नाही, हिशेब वेगळा, आणि इमारतीच्या नियमांत 'आवारात व्यापारी विक्रीस मनाई' असं एखादं कलम असेल तर अख्खं टेबल त्यात अडकतं.

आमच्या भागातल्या एका लायब्ररीचा अर्ज 'पॉपी स्टॉल' या नावाने गेला होता. 'स्टॉल' हा शब्द दिसल्याबरोबर फाइल लायब्ररीकडून मालमत्ता विभागाकडे गेली. त्यांनी विम्याचा कागद मागितला, टेबलाची मापं मागितली, आगीच्या वाटेपासूनचं अंतर विचारलं. तोवर ऑक्टोबर संपला. पुढच्या वर्षी तोच अर्ज चार ओळींत केला: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी संकलन, सीलबंद क्रमांकित डबा, ठरलेली किंमत नाही, जवळ माणूस उभा राहणार नाही. खाली ठेवण्याची जागा, ठेवण्याची आणि उचलण्याची तारीख, डबा कोण उघडणार त्याचं नाव. आठवड्याभरात होकार आला. फूल तेच, डबा तोच.

इमारतीच्या आत ठेवायचं तर मालकाची लेखी परवानगी पुरते. बाहेर पायऱ्यांवर किंवा फुटपाथवर आलात की 1916 च्या पोलीस, फॅक्टरीज वगैरे कायद्याखालचा रस्ता-संकलनाचा परवाना लागतो, मग डबा हलवा की वस्तू विका. परवाना बहुतेक ठिकाणी काउन्सिल देते, लंडनच्या बहुतेक भागात पोलीस. पावसात लोक आत येतात आणि ऊन पडलं की बाहेर सरकतात, आणि तिथेच चुकतं. आतली परवानगी बाहेर चालत नाही.

आता मूळ वाद. त्या लायब्ररीच्या तेव्हाच्या व्यवस्थापक बाईंचं म्हणणं एकच: सार्वजनिक इमारत तटस्थ, म्हणून काहीच नको. मी म्हटलं, त्याच फॉयरमध्ये फूड बँकेची पेटी आहे, रक्तदानाचं पोस्टर आहे, मग तटस्थपणा नोव्हेंबरातच का जागा होतो? बोलणं वाढलं. पण एका मुद्द्यावर बाईंचं बरोबर होतं आणि तेव्हा मी ते मान्य केलं नाही. डबा पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर होता.

काउंटरवर डबा म्हणजे काय ते नीट बघा. माणूस कार्ड हातात घेऊन उभा आहे, समोर काउन्सिलचा पगारी कर्मचारी, दोघांच्या मध्ये लाल फुलांचा ट्रे. काही टाकलं नाही तर ते कर्मचाऱ्याला दिसतं. कर्मचारी काहीच बोलत नाही, पण त्या न बोलण्याचंही ओझं होतं. उलट बाजूने कर्मचाऱ्यालाही त्रास: सुटे आहेत का, टाचणी संपली, बाईसाहेब जरा लावून देता का. ज्याला पॉपीबद्दल मनातून अढी आहे त्याच्याकडूनही तुम्ही हे काम करून घेताय. तेव्हा माझं मत सरळ आहे: दारापाशी चालेल, काउंटरवर नको. बाहेर पडण्याच्या दाराकडे, कर्मचाऱ्याकडे पाठ येईल अशी जागा शोधा. हे एवढं केलंत तर सल्लामसलतीतल्या बहुतेक तक्रारी आपोआप गळतात, कारण लोकांचा राग फुलापेक्षा आपल्याकडे कोणीतरी बघतंय या भावनेवर असतो. तुमच्या काउन्सिलच्या प्रश्नावलीत 'हो की नाही' एवढंच विचारलं असेल, तर 'कुठे' हा रकाना तुम्ही स्वतः वाढवा.

जागा ठरली की बाकीचं. टाचण्या मुलांच्या विभागाजवळ नकोत, आणि ट्रे लहान मुलाच्या हाताला लागणार नाही इतका उंच हवा. शक्य असेल तिथे चिकटवायची पॉपी ठेवा. डब्याच्या कानातून साखळी घालून ती जड फर्निचरला बांधा. नुसता टेबलावर ठेवलेला डबा पहिल्याच आठवड्यात उचलला जातो, आणि चोराला फुलांत रस नसतो. डबा भरायची वाट बघू नका, अर्धा झाला की बदला. कार्डाचं मशीन हवंच, आता खिशात चिल्लर असते कुणाच्या? पण जुन्या दगडी टाउन हॉलमध्ये तळमजल्यावर सिग्नल नसतो, तेव्हा आधी जाऊन तिथे एक पौंड कापून बघा. मशीन संस्थेचंच हवं. कुणा स्वयंसेवकाच्या स्वतःच्या दुकानातलं मशीन सद्भावनेने आणलेलं असलं तरी परत पाठवा.

मोजणीला दोन माणसं, एकमेकांच्या घरची नकोत. आधी सीलचा नंबर वहीत, मग सील फोडायचं. बँकेच्या पिशव्यांचा हिशेब ठरलेला आहे: एक आणि दोन पौंडांची नाणी वीस पौंडांची, पन्नास आणि वीस पेन्सची दहा पौंडांची, दहा आणि पाच पेन्सची पाच पौंडांची, तांब्याची एक पौंडाची. एका पिशवीत एकच नाणं. मोजण्यापेक्षा वजन करा. एक पौंडाचं नाणं 8.75 ग्रॅमचं, म्हणजे वीस नाण्यांची पिशवी 175 ग्रॅम. वीस पेन्सची पन्नास नाणी 250 ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. काटा 175 च्या खाली राहिला तर आत परदेशी नाणं शिरलंय असं समजा. जुना गोल पौंडही सापडतो. तो 15 ऑक्टोबर 2017 ला चलनातून गेला, तरी लोकांच्या ड्रॉवरमधून डब्यात येतच असतो. तो बारा बाजूंच्या नव्या नाण्यात मिसळू नका, वेगळा ठेवा.

पांढऱ्या पॉपीचा मुद्दा तुमच्या सल्लामसलतीत येणारच. ती 1933 साली को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डने आणली, आज पीस प्लेज युनियन वाटते. युद्धात मेलेल्या सगळ्यांसाठी, नागरिकांसह. कुणी तीही ठेवायला मागितली तर ठेवा. फक्त एका ट्रेमध्ये नको, एका डब्यात तर अजिबात नको. पैसे दोन वेगळ्या संस्थांचे आहेत, आणि देणाऱ्याला कोणाला दिले ते कळलं पाहिजे. लाल वाल्यांना याचा राग येतो. येऊ दे. ज्यांना लाल पॉपी खटकते त्यांना वेड्यात काढू नका, कारण त्यालाही इतिहास आहे. 1921 मध्ये पहिला पॉपी डे झाला तेव्हा लीजनच्या डोक्यावर फील्ड मार्शल हेग होते, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईचे सेनापती. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी 19,240 ब्रिटिश सैनिक मेले. पॉपीच्या मधल्या काळ्या बटणावर 'हेग फंड' हे शब्द 1994 पर्यंत होते. ज्यांच्या घरातून माणसं गेली त्यांतल्या काहींना ते बटण छातीवर नको होतं, आणि त्यांना देशद्रोही म्हणणं हा निव्वळ आचरटपणा आहे.

कर्मचाऱ्यांनी स्वतः लावावी का? त्यांची मर्जी. ना सक्ती, ना बंदी. 'पॉपी लावणं ही माझी श्रद्धा आहे, तिला समानतेच्या कायद्याचं संरक्षण द्या' असा दावा 2011 मध्ये एका रोजगार न्यायाधिकरणापुढे गेला होता आणि टिकला नाही. तेव्हा कायद्याची धमकी कोणत्याच बाजूने देऊ नका. पॉपीचं पान घड्याळातल्या अकराच्या आकड्याकडे वळवलं पाहिजे, वगैरे सांगणारे भेटतील. तसा कोणताही नियम नाही.

आता मंडळ. 'हे गोऱ्यांचं, आपला काय संबंध?' असं म्हणणारे एक काका प्रत्येक मंडळात असतात. आमच्याकडेही आहेत. त्यांना मी जे सांगतो ते तुम्हालाही सांगतो. 1915 च्या डिसेंबरापासून 29 एप्रिल 1916 पर्यंत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत शहराला वेढा पडला, त्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. शरणागतीनंतर कैदेत गेलेल्यांपैकी कित्येक परतलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला आणि नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 ला, दोघेही इटलीत, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाला पात्र ठरले; घाडगे ते बघायला उरले नाहीत. माणगावला त्यांचा पुतळा आहे. 2018 मध्ये लीजनने खादीची पॉपी काढली ती याच भारतीय सैनिकांसाठी. 'ते साम्राज्याचे नोकर होते' हे काकांचं पुढचं वाक्य. होते. पोटासाठी गेले, आपण इथे आलो तसेच. संबंध काढायचा तर एवढा पुरे आहे.

तरीही मंडळाने मंडळ म्हणून पत्र पाठवू नये असं मला वाटतं. सभासदांनी आपापल्या नावाने मत द्यावं. आपल्याकडे 7 डिसेंबरच्या ध्वजदिन निधीचं काय होतं ते आठवा. उद्देश तोच, सैनिकांच्या कुटुंबांना मदत, पण जिल्ह्याला उद्दिष्ट येतं, ते कार्यालयांत वाटलं जातं आणि देणगीची वर्गणी होते. इथला डबा गप्प असतो हीच त्याची चांगली बाजू. मंडळाच्या नावाने पत्र गेलं की पुढच्या वर्षी 'मंडळाने किती दिले' हा प्रश्न आलाच.

हे सगळं इंग्लंडपुरतं समजा. स्कॉटलंडमध्ये संस्था वेगळी, कायदा वेगळा, पॉपीलाही चार पाकळ्या आणि पान नाही. आणि उत्तर आयर्लंडमध्ये यातलं काहीच तसंच्या तसं लावू नका. तिथे 1972 ची डेरीतली ब्लडी संडे (ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर केलेला गोळीबार) आहे आणि 1987 मध्ये एनिस्किलनला स्मृतिसमारंभातच फुटलेला बॉम्बही आहे, तिथे डब्याची जागा हलवून भांडण मिटत नाही.

उचलण्याची तारीख अर्जात लिहिली असेल तर पाळा. स्मृतिरविवार (युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचा रविवार) नोव्हेंबरातला दुसरा, म्हणजे तो कधी 11 नोव्हेंबर या युद्धविराम दिनाच्या आधी येतो तर कधी नंतर; दोन्हींतला उशिराचा दिवस धरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा, ट्रे, साखळी, सांडलेल्या टाचण्या सगळं घेऊन या. उरलेल्या पॉपी 2023 पासूनच्या पूर्ण कागदी असतील तर घरच्या कागदाच्या रिसायकलिंगमध्ये जातात. प्लॅस्टिकच्या देठाच्या जुन्या असतील तर नाही.