चढलेले टेक शेअर महाग आहेत का, हे कसं बघायचं

शेअर दुप्पट झाला, आता विकू का, असं विचारलंस. भाव किती चढला ते जरा बाजूला ठेव. तेवढ्याच काळात नफा किती वाढला ते आधी बघ. नफाही दुप्पट असेल तर पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले दर शेअरमागचा वर्षाचा नफा, होता तिथंच आहे. पीई ५० म्हणजे तुझ्या शंभर रुपयांमागे कंपनी वर्षाला दोनच रुपये कमावते. ठाण्यातली कुठलीही बँक एफडीवर याहून जास्त देते. बाकी सगळी भिस्त पुढच्या वाढीवर.

आणि वाढ झाली तरी भागतंच असं नाही. नेटवर्कची उपकरणं बनवणारी अमेरिकन कंपनी सिस्को मार्च २००० मध्ये शिखरावर होती, पीई शंभराच्या वर. पुढे विक्री दुपटीहून जास्त झाली, तरी तो भाव परत दिसायला डिसेंबर २०२५ उजाडला!

सध्या मला खटकतो तो घसारा, म्हणजे यंत्रांची किंमत काही वर्षांवर वाटून दरवर्षी नफ्यातून थोडी थोडी वजा करणं. तुमच्या ऐरोली-महापेत डेटा सेंटरं उभी राहतायत ना, तसाच, पण अवाढव्य खर्च अमेरिकेतल्या बड्या कंपन्या करतायत. तो नफ्यातून एकदम वजा होत नाही. सर्व्हरचा खर्च साधारण पाच-सहा वर्षांवर पसरतो. म्हणून आज नफा गुबगुबीत आणि पीई स्वस्त दिसू शकतो. नफ्याशेजारी फ्री कॅश फ्लोचा, म्हणजे असा सगळा खर्च वजा जाऊन हातात उरलेल्या रोख पैशाचा, आकडा ठेवून बघ. मी तरी नवे पैसे थोडे थोडेच घालतोय.