नियमन की नियंत्रण? (आणि ‘स्थानिक’चं काय करायचं)

प्रश्न असा आहे की एका भाषांतरात “मायक्रोआरएनए चेतापेशींमधील प्रथिनांच्या स्थानिक निर्मितीचे नियंत्रण करतात” असं वाक्य आलंय, तर तिथे नियंत्रण बरोबर की नियमन, आणि ते ‘स्थानिक’ कानाला खटकतं त्याला दुसरा काही शब्द आहे का.

माझं मत नियमनला. नियंत्रण चूक नाही, पण मराठीत त्याला आळा घालण्याची छटा चिकटलीय. किडींचं नियंत्रण म्हणजे किडी कमी करणं, प्रदूषणाचंही तेच. वाहतुकीचं नियमन म्हटलं की मात्र थांबवणंही आलं आणि सोडणंही आलं, आणि इथे नेमकं तसंच चालतं.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतली एक कडी) आरएनएचा तुकडा, त्याच्यापासून स्वतः कुठलं प्रथिन बनत नाही. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून तो एखाद्या संदेशवाहक आरएनएला, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याचा मजकूर वाहून नेणाऱ्या आरएनएला, जाऊन चिकटतो, बहुतेकदा प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरचा जो शेपटाकडचा भाग असतो तिथे, आणि जुळणी तरी किती, मायक्रोआरएनएच्या सुरुवातीकडची सहा-सात अक्षरं जुळली तरी पुष्कळदा भागतं. मग त्या संदेशावरून प्रथिन बनणं मंदावतं किंवा थांबतं. इथवर वाचलं तर वाटेल की हे नियंत्रणच झालं की! पण पुढचं बघा.

उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशींवर २००६ साली एक काम प्रसिद्ध झालं, त्यात एमआयआर-१३४ नावाचा मायक्रोआरएनए पेशीच्या फांद्यांमध्ये लिमके१ या प्रथिनाचा संदेश दाबून ठेवतो असं दिसलं. हे प्रथिन फांदीवरच्या बारीक काट्यांच्या, म्हणजे जिथे दुसऱ्या पेशीशी सिनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा) जुळतो त्यांच्या, वाढीसाठी लागतं. एमआयआर-१३४ जास्त झाला की काटे बारके राहतात. पण बीडीएनएफ हा वाढीचा रेणू आला की ही पकड सुटते आणि लिमके१ बनायला लागतं. उलटं उदाहरण २०१७ चं, एमआयआर-१८१ए चं. त्याचं कच्चं रूप फांदीत नुसतं पडून असतं, सिनॅप्स उत्तेजित झाला की तिथेच कापलं जाऊन तयार मायक्रोआरएनए होतो आणि त्या जागेपुरतं कॅमके२ नावाचं प्रथिन बनणं कमी होतं. म्हणजे बाहेरून इशारा आल्यावर एकीकडे निर्मिती वाढली, दुसरीकडे घटली, आणि दोन्हीकडे मधला माणूस मायक्रोआरएनएच. याला आळा कसं म्हणायचं?

एकट्या एमआयआर-१३४ बद्दल लिहायचं असेल तर मी ‘रोखून धरतो’ असं लिहीन. पगार रोखून धरला म्हणजे तो रद्द झाला नाही, पुढे मिळू शकतो, तसाच हा संदेश. ‘नष्ट करतो’ किंवा ‘बंद पाडतो’ लिहिलं की ही गंमत जाते. अर्थात हे सरसकट वापरू नका, कारण मायक्रोआरएनए चिकटल्यावर संदेश तुटून संपून जातो असंही खूप होतं, तिथे रोखून धरणं बसणार नाही.

आता स्थानिक. ‘स्थानिक भूल’ आपण बिनदिक्कत म्हणतो त्यामुळे शब्दाला आधार आहे, पण नुसतं ‘स्थानिक निर्मिती’ वाचलं की गावातला कारखाना डोळ्यासमोर येतो. मला ‘जागच्या जागी’ आवडतं. कारण मुद्दा अंतराचाच आहे, चेतापेशीच्या फांद्या पेशीच्या मुख्य भागापासून लांबवर पसरलेल्या आणि सिनॅप्स हजारो, त्यातल्या एकाच ठिकाणी प्रथिन हवं असेल तर केंद्रकाजवळ बनवून तिथवर धाडण्यापेक्षा संदेश आधीच नेऊन ठेवायचा आणि वेळ आली की तिथेच प्रथिन बनवायचं. काट्यांच्या बुडाशी प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात हे १९८२ मध्येच दाखवलं गेलं होतं.

तेव्हा वाक्य असं करता येईल: “चेतापेशीत कुठलं प्रथिन जागच्या जागी कधी आणि किती बनावं, याचं नियमन मायक्रोआरएनए करतात.” थोडं लांबलं, पण वाचणाऱ्याला कळतं.

आणि कोणी सुचवण्याआधीच सांगतो, ‘सूक्ष्म आरएनए’ करू नका प्लीज, आरएनए सगळेच सूक्ष्म असतात, इथे लांबी कमी आहे एवढंच. पहिला असा आरएनए १९९३ मध्ये एका कृमीत सापडला, मायक्रोआरएनए हे नाव २००१ मध्ये रुळलं आणि या शोधाला मिळालेल्या २०२४ च्या नोबेलनंतर तर पेपरांतूनही ते जसंच्या तसं छापून आलंय.